लैंगिक गुन्हेगारांचा बंदोबस्त आणि स्त्रीचा अधिकार

(म्हैसूर येथील अभ्यासवर्गात मराठीभाषक सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

या सभागृहातून बाहेर पडले की समोर चामुंडीची टेकडी दिसते. २४ ऑगस्ट २०२१ च्या संध्याकाळी त्या टेकडीच्या परिसरात एका विद्यार्थिनीवर सामूहिक बलात्कार झाला आणि तिच्या सोबतच्या मित्राला मारहाण झाली. पुढच्या चारपाच दिवसांत या शहरात जे घडले त्यापासून मी आजच्या विषयास सुरुवात करतो. कारण आपल्या राज्ययंत्रणेची या प्रश्नाकडे पाहण्याची रीत त्या चारपाच दिवसांत संपूर्णपणे उघडी पडली.

राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री आरग ज्ञानेंद्र यांनी प्रथम काय म्हटले? त्या दोघांनी अशा निर्जन जागी जायला नको होते, असे म्हटले. म्हैसूर विद्यापीठाने त्याच आठवड्यात परिपत्रक काढले की, सायंकाळी साडेसहानंतर विद्यार्थिनींनी मानसगंगोत्रीच्या परिसरात एकट्याने फिरू वा बसू नये. विद्यार्थ्यांसाठी असा नियम नव्हता. गदारोळ उठताच मंत्र्यांना सारवासारव करावी लागली आणि विद्यापीठालाही परिपत्रक मागे घ्यावे लागले, हे खरे. परंतु पहिला विचार कोणता सुचला हे महत्त्वाचे आहे. गुन्हेगार मोकळे होते आणि बंदोबस्त मुलींचा करण्यात आला!

याच प्रकरणाची दुसरीही बाजू आहे आणि ती न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. तपासाच्या आरंभी त्या मुलीची मनःस्थिती जबानी देण्यासारखी नव्हती. एरवी आपल्याकडे पोलीस अशा वेळी काय करतात ते आपण जाणतो: "फिर्यादी सहकार्य करीत नाही" असा शेरा मारून कागद बाजूला सारतात, किंवा रुग्णालयाच्या खाटेपाशी बसून तेच ते प्रश्न पुनःपुन्हा विचारतात. येथे पोलिसांनी तांत्रिक व वैज्ञानिक पुराव्याच्या आधारे माग काढला आणि २८ ऑगस्टला पाच जणांना अटक झाल्याचे जाहीर केले. म्हणजे तपासाचे सारे ओझे त्या स्त्रीच्या जिभेवर न टाकताही तपास होऊ शकतो. ठरवले तर होतो. हे "ठरवले तर" कोण ठरवणार, एवढाच प्रश्न उरतो.

येथे थोडे विषयांतर करण्याची परवानगी द्यावी. माझे काम भाषांतराचे आहे आणि या विषयावरचा मजकूर हाती आला की माझी लेखणी पहिल्या ओळीतच अडते. कन्नडमध्ये "अत्याचार" या शब्दाचा अर्थच बलात्कार असा आहे. मराठीत अत्याचार म्हणजे कोणताही जुलूम. आणि आपली वृत्तपत्रे बलात्कार हा शब्द टाळण्यासाठी, वाचकाच्या सभ्यपणाला धक्का लागू नये म्हणून, तो मोघम शब्द वापरतात. एकच शब्द सीमेच्या एका बाजूस गुन्ह्याचे नाव घेतो आणि दुसऱ्या बाजूस त्यावर पांघरूण घालतो. "विनयभंग" हा आपला कायदेशीर शब्द घ्या. भंगला कोणाचा विनय? हात टाकणाऱ्याचा की जिच्यावर टाकला तिचा? "अब्रू लुटली" हे तर उघडच सरंजामी मालमत्तेचे भाषाशास्त्र आहे: अब्रू ही घराण्याची ठेव, स्त्री ही तिची पेटी. कन्नड वृत्तपत्रांत "संत्रस्ते" असा शब्द येतो. जिला त्रास पोहोचला ती, एवढाच त्याचा अर्थ आहे; त्यात अब्रू नाही, कलंक नाही. मराठीत मी "पीडित स्त्री" असे लिहितो, त्यानेही समाधान होत नाही. पण हा प्रश्न आज राहू द्या.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. लैंगिक गुन्हेगाराचे काय करावे, हा प्रश्न आला की आपल्या समाजात दोनच उत्तरे ऐकू येतात. एक, फाशी द्या किंवा गोळी घाला. दुसरे, प्रकरण मिटवून टाका. वरकरणी ही उत्तरे परस्परविरोधी दिसतात. परंतु दोहोंत एक गोष्ट समान आहे. दोहोंतही त्या स्त्रीला कोणी काही विचारीत नाही. अटक, जामीन, खटला, शिक्षा, संचित रजा, सुटका, गावात परतणे या प्रत्येक टप्प्यावर निर्णय होतो तो तिच्या अनुपस्थितीत. आणि निर्णयाचे परिणाम मात्र तिच्या दारात येऊन उभे राहतात. माझे म्हणणे असे की, वस्तीचे रक्षण व्हावयाचे असेल तर गुन्हेगारावरील देखरेखीचा प्रत्येक टप्पा तिच्यापासून सुरू झाला पाहिजे. ही केवळ करुणेची बाब नव्हे. धोका कोठून आहे, तो माणूस कोणामार्फत निरोप पाठवतो, कोणत्या सावकाराच्या वा पुढाऱ्याच्या बळावर तो उभा आहे, याची माहिती ठाण्यातल्या नोंदवहीपेक्षा तिच्यापाशी अधिक असते.

बिल्किस बानो यांच्या प्रकरणाइतका याचा ढळढळीत पुरावा नाही. २००२ च्या गुजरातेतील नरसंहारात पाच महिन्यांच्या गरोदर अवस्थेत त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. तीन वर्षांच्या मुलीसह त्यांच्या घरची माणसे मारली गेली. गुजरातेत न्याय मिळणे शक्य नाही हे ओळखून सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये खटला महाराष्ट्रात वर्ग केला आणि मुंबईच्या विशेष न्यायालयाने २१ जानेवारी २००८ रोजी अकरा जणांना जन्मठेप सुनावली. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. येथपर्यंत राज्ययंत्रणेने, उशिराने का होईना, आपले काम केले असे म्हणता येईल.

परंतु शिक्षा झाल्यावर काय घडले? सुमारे सहा वर्षांच्या लढ्यानंतर मिळालेल्या त्या शिक्षेच्या काळात बहुतेक आरोपींनी पॅरोल, संचित रजा इत्यादी मार्गांनी एक हजारांहून अधिक दिवस तुरुंगाबाहेर काढले. पॅरोलवर असतानाच यांपैकी एकावर २०२० मध्ये स्त्रीच्या विनयभंगाचा गुन्हा नोंदला गेला. आणि १५ ऑगस्ट २०२२ रोजी, स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाच्या दिवशी, गुजरात सरकारने अकराही जणांची उर्वरित शिक्षा माफ करून त्यांना गोध्राच्या तुरुंगातून सोडले. बाहेर त्यांना हारतुरे घालण्यात आले, पेढे भरवण्यात आले. माफीची शिफारस करणाऱ्या समितीत सत्ताधारी पक्षाचे आमदार होते. त्यांतील एकाने तर आरोपींच्या जातीचा आणि संस्कारांचा दाखला देऊन त्यांची भलामण केली. मुंबईच्या विशेष न्यायाधीशांनी व सीबीआयने प्रतिकूल मत दिले होते, तेही बाजूला सारण्यात आले. बिल्किस बानो यांना? त्यांना विचारणे तर दूरच, साधी पूर्वसूचनाही देण्यात आली नाही. रंधिकपूर गावातील अनेक मुस्लिम कुटुंबांनी भीतीने गाव सोडले. वस्तीचे रक्षण म्हणजे काय हे ज्यांना पुस्तकातून कळत नाही त्यांनी ते गाठोडी बांधून निघालेले लोक डोळ्यांसमोर आणावेत.

ही माफी न्यायालयात आव्हानित झाली ती प्रथम कॉम्रेड सुभाषिनी अली, रेवती लाल आणि रूपरेखा वर्मा या तीन स्त्रियांच्या अर्जाने. पुढे बिल्किस बानो स्वतःही न्यायालयात गेल्या. ८ जानेवारी २०२४ रोजी न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना व न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांनी माफी रद्द केली. खटला महाराष्ट्रात चालला असल्याने माफीचा अधिकार गुजरात सरकारला नव्हताच, असे ठरवले. आणि २१ जानेवारीस आरोपी पुन्हा तुरुंगात हजर झाले. विजय झाला. परंतु, कॉम्रेड्स, हा विजय कोणत्या मुद्द्यावर झाला ते नीट पाहा. अधिकार कोणत्या राज्य सरकारचा, या मुद्द्यावर झाला. शिक्षेत सूट देण्याविषयीचे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४३२ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेचे कलम ४७३ वाचून पाहा: सरकारने न्यायाधीशाचे मत मागवावे, असे त्यांत आहे. पीडित स्त्रीचा उल्लेखच नाही! त्याच नव्या संहितेत तपासाची प्रगती तिला नव्वद दिवसांत कळवावी असे म्हटले आहे, खटला मागे घेण्यापूर्वी तिचे म्हणणे ऐकावे असेही म्हटले आहे. सोळा वर्षांखालील मुलीवरील बलात्काराच्या खटल्यात जामिनाच्या सुनावणीस फिर्यादीची वा तिच्या प्रतिनिधीची उपस्थिती २०१८ च्या दुरुस्तीने आवश्यक ठरली आहे. म्हणजे दार उघडण्यापूर्वीच्या अनेक पायऱ्यांवर तिला थोडी जागा मिळाली. प्रत्यक्ष तुरुंगाचे दार उघडताना मात्र ती कोणीच नाही.

आता गोळीच्या न्यायाविषयी. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघड झाले. पालकांना गुन्हा नोंदवून घेण्यासाठी पोलीस ठाण्यात कित्येक तास ताटकळत बसावे लागले. २० ऑगस्टला हजारो लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले तेव्हा सरकारला जाग आली. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत, पोलिसांच्या ताब्यात असताना, गोळीने ठार झाला. सत्ताधाऱ्यांच्या समर्थकांनी फलक लावले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत त्या मृत्यूस पाच पोलीस जबाबदार असल्याचा निष्कर्ष जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयासमोर आला. त्यापूर्वी, डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादेत चार संशयितांना असेच मारण्यात आले होते. नागपूरचे न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर यांच्या आयोगाने ती चकमक बनावट असल्याचे २०२२ मध्ये सांगितले.

आरोपीविषयी सहानुभूती म्हणून मी हे सांगत नाही. बदलापूरच्या त्या आईबापांना काय मिळाले याचा विचार करा. खटला संपला, पुरावा तपासला जाणे संपले, शाळेतल्या कोणी काय दडवले, तक्रार नोंदवण्यास विलंब का झाला, हे प्रश्न गोळीच्या आवाजात बुडवण्याचा प्रयत्न झाला. गोळी गरिबाला लागते. धनदांडग्याच्या मुलाची, मंत्र्याच्या पुतण्याची, मठाधिपतीची चकमक झाल्याचे आपण कधी ऐकले आहे काय? न्यायमूर्ती वर्मा समितीने २०१३ मध्ये अवघ्या एकोणतीस दिवसांत अहवाल दिला आणि त्यात बलात्कारासाठी फाशी व रासायनिक खच्चीकरण ही दोन्ही नाकारली. सत्ताधाऱ्यांनी त्या अहवालातील कठोर शिक्षा तेवढ्या उचलल्या आणि पोलीस सुधारणा, लष्करी दलांच्या विशेषाधिकारांचा फेरविचार, विवाहांतर्गत बलात्कार हे विषय टाकून दिले.

याच मालिकेत तिसरे एक उत्तर अलीकडे आले आहे: यादीचे. २० सप्टेंबर २०१८ रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद सुरू केली. आरंभीच तीत चार लाखांहून अधिक नोंदी होत्या. ही यादी पोलिसांपुरती आहे, अमेरिकेसारखी सर्वांसाठी खुली नाही, हे योग्यच. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने नोंदणी आली आणि १९९६ मध्ये ती जनतेपुढे उघड करणे बंधनकारक झाले. ज्या अपहृत मुलाच्या नावाने १९९४ चा कायदा ओळखला जातो त्याची आई, पॅटी वेटरलिंग, यांनीच पुढे या नोंदण्यांच्या अतिरेकावर शंका घेतली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी माहीत नाही. आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे वर्षानुवर्षे एकच सांगतात: बलात्काराच्या शेकडा नव्वदहून अधिक प्रकरणांत आरोपी स्त्रीच्या ओळखीचा असतो. काका, शेजारी, मुकादम, मालक, लग्नाचे वचन देणारा. त्याचे नाव यादीत पाहून तिला काय कळणार? तिला ते आधीच ठाऊक आहे. कळत नाही ते एवढेच की तो कधी सुटणार आहे.

उलट, काही ठिकाणी वेगळे प्रयत्न झाले. कोलोरॅडो राज्यात १९९२ मध्ये स्थापन झालेल्या मंडळात तुरुंगाधिकारी, मानसोपचारतज्ज्ञ, पोलीस यांच्याबरोबर पीडितांचे प्रतिनिधीही बसतात. कॅनडातील हॅमिल्टन येथे १९९४ मध्ये एका पाद्र्याने, सुटून आलेल्या एका गुन्हेगाराभोवती चारपाच सामान्य नागरिकांचे मंडळ उभे केले: ते त्याला मदतही करीत आणि जाबही विचारीत. या पद्धतीने पुन्हा गुन्हा घडण्याचे प्रमाण घटल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. भांडवली देशांतील प्रयोग म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. पण आंधळेपणाने उचलण्याचेही नाही. आपल्या गावात गुन्हेगाराभोवती मंडळ असतेच, फक्त ते त्याच्या जातभाईंचे असते आणि जाब तो त्या स्त्रीला विचारीत असतो.

आपल्याच भूमीवर काही पाया घातला गेला आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी केलेला बलात्कार, १९७८ मधील सर्वोच्च न्यायालयाची निर्दोष मुक्तता, त्यावर चार प्राध्यापकांचे खुले पत्र आणि देशभरच्या स्त्रियांचा उठाव, यांतून १९८३ ची कायदादुरुस्ती आली, हे येथे बसलेल्या ज्येष्ठांना सांगायला नको. त्याइतकी गाजलेली नसलेली दोन कामे मात्र सांगतो. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी बलात्कारानंतरच्या वैद्यकीय तपासणीतील अमानुष प्रकारांचा अहवाल २०१० मध्ये तयार केला आणि नागपूर खंडपीठापुढे तो विषय गेला. आणि मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००१ मध्ये महापालिका व "सेहत" ही संस्था यांनी मिळून "दिलासा" केंद्र सुरू केले. जखम बांधून घ्यायला आलेल्या बाईला, जखम कशी झाली हे रुग्णालयातच विचारणारे कोणी असावे, एवढी साधी कल्पना. परिचारिका, डॉक्टर, समुपदेशक, वकील यांनी एकत्र बसावे आणि बाईने आपली कहाणी चार दारांत चारदा सांगू नये. कामगार वस्तीतली बाई पोलीस ठाण्यात जात नाही, दवाखान्यात जाते. हे ज्यांनी ओळखले त्यांनी वर्गवास्तव ओळखले, असे मी म्हणेन.

याच म्हैसूरमध्ये ओडनाडी संस्थेकडे ऑगस्ट २०२२ मध्ये चित्रदुर्गातील एका मठाच्या वसतिगृहातील मुली आल्या आणि येथे तक्रार नोंदली गेली. त्यांतील पहिल्या खटल्यात चित्रदुर्गाच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये आरोपींना निर्दोष ठरवले. त्या निकालावर मी येथे भाष्य करीत नाही. मी फक्त अंतर मोजतो आहे. मठाच्या जिल्ह्यात ऐकून घेणारे कोणी न मिळाल्यामुळे मुलींना दुसऱ्या शहरापर्यंत यावे लागते, तेथे आपली शाखा कोठे होती?

हासनचे प्रकरण तर आपल्या सर्वांच्या आठवणीत ताजे आहे. एप्रिल २०२४ मध्ये मतदानाच्या तोंडावर खासदार प्रज्वल रेवण्णा यांच्या चित्रफिती पेन ड्राइव्हमधून रस्त्यांवर, बसस्थानकांवर फेकल्या गेल्या. त्यांत स्त्रियांचे चेहरे उघडे होते. एका राजकीय कंपूने दुसऱ्याला नामोहरम करण्यासाठी त्या स्त्रियांचा दुसऱ्यांदा बळी दिला. खासदार परदेशी निघून गेले. मागे राहिलेल्या स्त्रियांना घराबाहेर पडणे अशक्य झाले. ३० मे रोजी जनसंघटनांनी "हासन चलो"ची हाक देऊन मोर्चा काढला. दुसऱ्याच दिवशी पहाटे प्रज्वल बंगळूर विमानतळावर उतरताच पकडले गेले. विशेष तपास पथकात म्हैसूर जिल्ह्याच्या तत्कालीन पोलीस अधीक्षक सीमा लाटकर आणि सुमन पेन्नेकर या स्त्री अधिकारी होत्या. पुढे येऊ इच्छिणाऱ्या स्त्रियांसाठी मदतवाहिनी उघडण्यात आली. १ ऑगस्ट २०२५ रोजी विशेष न्यायालयाने पहिल्या खटल्यात दोषी ठरवले आणि दुसऱ्या दिवशी मरेपर्यंत जन्मठेप दिली. दंडातील बहुतेक रक्कम त्या स्त्रीला द्यावयाची आहे. ती घरकाम करणारी कष्टकरी स्त्री. तिने जपून ठेवलेली साडी पुराव्यात आली. माजी पंतप्रधानांच्या नातवाविरुद्ध एक मोलकरीण उभी राहिली आणि टिकली, याचे श्रेय तिचे आहे. तिला टिकू देण्यासाठी मात्र मोर्चा, तपास पथक, वैज्ञानिक, सरकारी वकील इतके सारे लागले. यातले एक जरी गळले असते तरी?

तेव्हा आपले काम काय? महाराष्ट्रात २ ऑक्टोबर २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत सखी केंद्रे आहेत, बालकांच्या प्रकरणांत सहायक व्यक्ती देण्याची तरतूद आहे. कागदावर पुष्कळ आहे. प्रत्येक जिल्हा समितीने निदान दोन महिला कॉम्रेड अशा तयार कराव्यात की ज्यांना सखी केंद्राचा, विधी सेवा प्राधिकरणाचा, तुरुंगाधिकाऱ्याचा दरवाजा ठाऊक आहे. ज्या जामिनाच्या आणि पॅरोलच्या तारखा स्वतः काढून तिच्या घरी कळवतील. आणि शिक्षामाफीच्या कलमात, पीडितेला सूचना देऊन तिचे म्हणणे ऐकल्यावाचून माफी देता येणार नाही, अशी दुरुस्ती करण्याची मागणी आपल्या सर्व जनसंघटनांनी लावून धरावी. मोर्चा काढणे आपल्याला येते. मोर्चानंतर तीन वर्षे तारखांना हजर राहणे आपल्याला फारसे येत नाही, हे कबूल केले पाहिजे.

भाषणापूर्वी बेळगावच्या एका कॉम्रेडने मला बाजूला घेऊन विचारले: आरोपी आपल्याच युनियनचा असेल तर? प्रश्न काल्पनिक नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसले. अशा वेळी आपल्या तोंडी "मालकाचे कारस्थान" हा शब्द किती चटकन येतो ते आपण जाणतो. कधी कधी ते खरेही असते. पण ते ठरवण्याचे काम समितीचे आहे, युनियनच्या सचिवाचे नव्हे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा वा अधिक माणसे काम करतात त्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. आपली कार्यालये त्यास अपवाद नाहीत. चौकशी चालू असेतो त्याने पदावर राहू नये, त्याच्या वकिलाचा खर्च युनियनने करू नये, आणि तिला तक्रार मागे घेण्याविषयी सांगण्यास कोणाही पदाधिकाऱ्याने, कितीही ज्येष्ठ असला तरी, तिच्या घरी जाऊ नये. जायचेच असेल तर महिला आघाडीच्या कॉम्रेडने जावे, आणि तिला काय हवे ते विचारून यावे. समितीची रचना आणि कामाची पद्धत यांविषयीची कलमे मी मराठीत आणली आहेत. प्रती दाराशी ठेवल्या आहेत, दुपारच्या सत्रापूर्वी त्या वाचाव्यात.